प्रकल्प नोंदी: टर्बो पेट्रोल एसयूव्हीचे इनटेक आणि एक्झॉस्ट, भांडुप, फेब्रुवारी ते जून २०२५

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

गाडी सन २०२१ची, दोन लिटर टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंखा) पेट्रोल, थेट इंधन फवारणीची, १५० अश्वशक्तीची आणि सहा गिअरांची मॅन्युअल आहे. आजचे किलोमीटर ४१,३२०. गाडीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण सेवा केंद्रातली मंडळीही मराठी वाचतात. वॉरंटी मागच्या वर्षी संपली आणि तेव्हापासून डोक्यात असलेले काम आता हाती घेत आहे: हवा आत घेणारी बाजू (इनटेक) मोकळी करायची आणि धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा धूर सोडणारा सगळा मार्ग (एक्झॉस्ट) नव्याने बसवायचा. इंजिनच्या संगणकाचा मॅप, म्हणजे इंधन आणि दाब यांचे त्यात भरलेले आकडे, बदलायचा नाही. मॅप बदलला की फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही, आणि मला नेमके तेच पाहायचे आहे.

कायद्याची बाजू आधी लिहून ठेवतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलण्यास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडक लावला. फिल्टर किंवा सायलेन्सर त्या तपशिलांत येत नाही, पण आवाज आणि धूर कलम १९० (२) खाली येतात. तेथे २०१९च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि परवाना तीन महिने अपात्र, अशी तरतूद आहे. म्हणून दोन अटी आजच ठरवल्या. कन्व्हर्टरला हात लावायचा नाही, आणि उभ्या गाडीचा आवाज मूळ आवाजापेक्षा तीन डेसिबलहून अधिक वाढला, तर जुना सायलेन्सर परत चढवायचा.

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

आज मूळ स्थितीच्या मोजण्या घेतल्या. हा भाग कंटाळवाणा असतो आणि बहुतेक लोक तो गाळतात. मग नवा फिल्टर बसवल्यावर आवाज वाढतो आणि वाढलेल्या आवाजाला ताकद समजले जाते.

पहाटे साडेपाचला ईस्टर्न फ्रीवेवर गेलो. तेथील वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे, म्हणून तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० हीच चाचणी ठरवली. सहा फेऱ्या घेतल्या, तीन एका दिशेने आणि तीन उलट दिशेने. सरासरी ५.४ सेकंद आली. सर्वांत कमी ५.३ आणि सर्वांत जास्त ५.५. म्हणजे ०.२ सेकंदांचा फरक माझ्या पायाचा आणि वाऱ्याचा आहे, आणि पुढे तेवढ्याच फरकावर उड्या मारायच्या नाहीत. गाडीचे दोष तपासण्याच्या जोडणीवर लावलेल्या यंत्रातून हवेचे तापमान, मॅनिफोल्डचा (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाचा) दाब, आत येणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरचे वाचन आणि फ्युएल ट्रिम (संगणक स्वतःहून इंधन किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा) नोंदवून घेतले.

फिल्टरनंतरच्या नळीत किती ओढ पडते हे मोजायला गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप आणली, यू आकारात फळीला बांधली, निळ टाकलेले पाणी भरले आणि एक टोक फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या नळीच्या रिकाम्या निपलला जोडले. मधे एक रिकामी बाटली ठेवली, नाहीतर जोराच्या ओढीत पाणी थेट टर्बोत जाईल. मेहुणा शेजारच्या सीटवर फळी धरून बसला. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्यांपर्यंत नेल्यावर दोन बाजूंच्या पाण्यात ४६ सेंटिमीटरचा फरक पडला, म्हणजे सुमारे साडेचार किलोपास्कल. फिल्टर २४,००० किलोमीटर चाललेला होता हे लक्षात ठेवावे.

एक्झॉस्टसाठी कन्व्हर्टरच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर तात्पुरता काढून त्याच्या आट्यांवर फ्रिजवाल्याकडून आणलेली तांब्याची बारीक नळी आणि दाबमापक लावला. कन्व्हर्टर मोजणीच्या अलीकडे राहत असल्याने येथे दिसतो तो दाब केवळ मागच्या पाइपांचा आणि सायलेन्सरचा असतो. पूर्ण भाराखाली २४ किलोपास्कल आला. सेन्सर नसल्यामुळे इंजिनचा दिवा लागला. सेन्सर परत बसवून कोड पुसला.

शनिवार, १५ फेब्रुवारी २०२५

कंपनीचाच नवा कागदी फिल्टर बसवला आणि पाणी ४६ वरून ३८ सेंटिमीटरवर आले. सहाशे रुपयांत आठ सेंटिमीटर मिळाले. आता पुढची तुलना ३८शी करायची, ४६शी नाही.

शनिवार, १ मार्च २०२५

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून इनटेकचा संच आणला: ॲल्युमिनियमची नळी, शंकूच्या आकाराचा फिल्टर, सिलिकॉनच्या जोडण्या आणि उष्णता अडवणारा पत्रा. तेल लावलेल्या सुती जाळीचा फिल्टर मिळत होता, पण तेलाचा थर एअरफ्लो सेन्सरच्या तापलेल्या तारेवर बसला की वाचन चुकते, म्हणून कोरड्या कृत्रिम तंतूंचा घेतला.

घरी आल्यावर व्हर्नियर लावला आणि बरे झाले की लावला. दुकानदाराने ‘याच गाडीचा आहे’ असे छातीठोक सांगितले होते, पण सेन्सर ज्या भागात बसतो त्याचा आतला व्यास ७६ मिलिमीटर निघाला आणि माझ्या मूळ नळीचा ७० आहे. सेन्सर सगळी हवा मोजत नाही. तो मध्यभागी आपल्यावरून जाणाऱ्या हवेचा वेग पाहतो, आणि नळी ७० मिलिमीटरची आहे असे गृहीत धरून इंजिनचा संगणक त्यावरून एकूण हवेचे वजन काढतो. नळी ७६ची केली तर क्षेत्रफळ १८ टक्क्यांनी वाढते, हवेचा वेग त्याच प्रमाणात उतरतो आणि संगणकाला कमी हवा आल्याचा भास होतो. तो इंधन कमी सोडतो आणि मिश्रण पातळ होते. थोड्या चुकीची भरपाई ट्रिम करतो, पण १८ टक्के म्हणजे इंजिनचा दिवा ठरलेलाच.

सोनापूरच्या एका गाळ्यातल्या लेथवाल्याकडे जाऊन ॲल्युमिनियमच्या गजातून ७० मिलिमीटर आतल्या व्यासाचा तुकडा कातून घेतला. मूळ एअरबॉक्समध्ये (फिल्टरच्या डब्यात) सेन्सरच्या पुढे मधाच्या पोळ्यासारखी प्लॅस्टिकची जाळी असते. ती हवेचा गोंधळ मोडून प्रवाह सरळ करते. जुन्या सुट्या एअरबॉक्समधली तशी जाळी काढून नव्या तुकड्याच्या तोंडाशी बसवली. मजुरी आणि माल मिळून १,४०० रुपये झाले. संचाची किंमत सांगताना हे चौदाशे कोणी सांगत नाही.

रविवार, ९ मार्च २०२५

सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी सातला काम सुरू केले. बॅटरीचे ऋण टोक सोडले, एअरबॉक्स काढला, जुनी रबरी नळी उतरवली. टर्बोचे तोंड उघडे पडताच त्यावर स्वच्छ कापड बांधले. एखादा वॉशर आत गेला, तर हजारो फेऱ्यांनी फिरणाऱ्या पात्यांचे काय होईल हे वेगळे सांगायला नको.

टर्बो गाडीत या नळीला दोन गोष्टी जोडलेल्या असतात आणि सर्वसामान्य संचात त्यांचीच हेळसांड होते. पहिली बायपास व्हॉल्व्हची परतीची नळी: ॲक्सिलरेटर अचानक सोडला की दाबलेली हवा या वाटेने टर्बोच्या आधी परत येते. ही हवा सेन्सरने आधीच मोजलेली असल्यामुळे ती बाहेर सोडून चालत नाही, मग ‘फुस्स’ आवाज कितीही आवडत असला तरी. दुसरी क्रँककेसची, म्हणजे इंजिनच्या खालच्या तेलाच्या भागाची, श्वासनळी. संचात दोन्हींसाठी तोंडे होती, पण श्वासनळीचे तोंड दोन मिलिमीटरने मोठे असल्याने त्यात रबराचे बूच बसवून काम चालवावे लागले. हे बूच मला तेव्हाही पटले नव्हते.

दुपारी एक वाजता इंजिन सुरू केले. दुसऱ्या गिअरच्या चाचणीत पाणी १९ सेंटिमीटर दाखवत होते, म्हणजे ३८चे निम्मे.

याचा अर्थ टर्बोला काय, हे रात्री कागदावर मांडले. संगणकाला मॅनिफोल्डमध्ये २१० किलोपास्कल निरपेक्ष दाब हवा असतो आणि वेस्टगेट (टर्बोला वळसा घालून धूर सोडणारी झडप) हलवून तो तेवढाच ठेवतो. टर्बोच्या तोंडाशी आधी सुमारे ९७.३ किलोपास्कल मिळत होते, आता ९९.१ मिळतात. म्हणजे टर्बोला हवा २.१६ पट दाबावी लागत होती ती आता २.१२ पट. शेवटचा दाब तोच राहतो. टर्बो फक्त थोडे कमी कष्ट घेतो आणि हवा किंचित कमी तापवतो. संगणकाने मागितलेलाच दाब मिळत असेल तर नुसत्या इनटेकमुळे अश्वशक्ती फारशी का वाढत नाही, याचे उत्तर याच दोन आकड्यांत आहे.

बुधवार, १२ मार्च २०२५

ऑफिसहून परतताना लालबहादूर शास्त्री मार्गावर, कांजूर ते भांडुप, नेहमीच्या गर्दीत नोंद घेतली. बाहेर ३३ अंश, आणि सेन्सरजवळच्या हवेचे तापमान ६१. मूळ एअरबॉक्स याच रस्त्यावर ४२ दाखवत असे. १९ अंशांच्या फरकाने हवेची घनता साडेपाच टक्क्यांहून अधिक घटते. फिल्टरने मिळवलेले दोन टक्केही पुरत नाहीत. उघडा शंकू बोनेटखालची, रेडिएटरवरून आलेली गरम हवाच ओढतो. संचातला पत्रा वरून बोनेटला टेकत नाही, पाऊण इंचाची फट आहे, आणि सगळी उष्णता तेथूनच येते.

फ्युएल ट्रिमही वाढलेली दिसते. रविवारी पाहतो.

रविवार, १६ मार्च २०२५

आधी पत्रा. कडेला दाराला लावतात ती पोकळ रबरी पट्टी बसवली, बोनेटच्या आतल्या बाजूला खडू लावून बोनेट मिटले आणि पट्टीवर खडू जेथे उमटला नाही तेथे पट्टी उंच केली. खालून थंड हवा यावी म्हणून ७५ मिलिमीटरची लवचीक नळी फॉग लॅम्पच्या मागच्या जागेपर्यंत नेली. संध्याकाळी त्याच रस्त्यावर ४४ अंश आले, फ्रीवेवर ३६. पावसाळ्यात खालचे तोंड बंद करून वरच्या मूळ नळीवर यायचे आहे. सात जूनच्या आधी, म्हणजे मृगापूर्वी, हे काम उरकायचे.

आता ट्रिम. मूळ स्थितीत दीर्घकालीन ट्रिम अधिक १.५ टक्के होती, आज अधिक ८.६ आहे. संगणक म्हणतो की मोजलेल्या हवेपेक्षा जास्त हवा येत आहे. दिवा अजून लागलेला नाही, पण मिश्रण पातळ असल्याचा पी०१७१ हा कोड फार दूर नाही.

येथे थोडा विचार करावा लागला. मॅनिफोल्डच्या बाजूला गळती असेल तर आयडलला (उभ्या गाडीत इंजिन नुसते चालू असताना), जेव्हा तेथे निर्वात जास्त असतो, ट्रिम मोठी दिसते आणि भार वाढला की ती विरते. टर्बोनंतरच्या दाबाच्या बाजूला गळती असेल तर भाराखाली मोजलेली हवा बाहेर जाते आणि मिश्रण उलट घट्ट होते. माझ्या नोंदीत आयडलला ८ आणि २,५०० फेऱ्यांना ९, म्हणजे जवळपास सारखीच. सेन्सर आणि टर्बोमधल्या नळीत गळती असेल तर असेच दिसते, कारण तेथे ओढ आणि प्रवाह सोबत वाढतात. पण लेथवर कातलेला तुकडा मोजमापात चुकला असेल तरी आकडे असेच दिसतील. दोन संशयित, एकच लक्षण.

म्हणून धूर सोडून पाहिला. इंजिन पूर्ण थंड असताना फिल्टर काढून नळीचे तोंड प्लॅस्टिकच्या झाकणाने बंद केले, देवघरातला धूप पत्र्याच्या डब्यात पेटवला आणि सायकलच्या पंपाने हलक्या दाबाने धूर आत ढकलला. इंधनाचा वास येत नाही याची खात्री आधी केली होती. दोन मिनिटांत श्वासनळीच्या त्या रबरी बुचाच्या कडेने निळसर धार वर आली. सोसायटीचे सचिव वरून ओरडले, “अहो, गाडी पेटली काय?” मी वर पाहून म्हणालो, “नाही काका, धूप आहे.” यावर त्यांचे समाधान झाले की काळजी वाढली, हे कळले नाही.

बूच फेकून दिले आणि सोनापूरला त्या तोंडावर योग्य मापाचा तुकडा वेल्ड करून घेतला. आठवड्याभरात ट्रिम अधिक २.१ वर आली. लेथवाला निर्दोष ठरला.

रविवार, ३० मार्च २०२५

गुढीपाडवा. गाडी धुतली, हार घातला, बाकी काही नाही.

शनिवार, ५ एप्रिल २०२५

एक्झॉस्टसाठी माल घेतला. ६३.५ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची, दीड मिलिमीटर जाडीची ३०४ प्रतीची स्टेनलेस नळी आणि न चेपता वाकवलेली वळणे. मूळ नळी ५५ची आहे आणि प्रत्येक वळणावर चेपलेली आहे. ७६ची नळी घ्या असा आग्रह दोघांनी केला, पण १५० अश्वशक्तीला ती नको. तळाशी जागा कमी पडते आणि घुमणारा आवाज वाढतो.

३०४ ओळखण्यासाठी लोक चुंबक लावतात. चुंबक चिकटले नाही म्हणजे माल अस्सल, ही समजूत अपुरी आहे, कारण स्वस्त २०२ प्रतीलाही चुंबक चिकटत नाही. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगेनीज जास्त असते, आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत वेल्डच्या कडेने ती लवकर तांबेरते. नागदेवी स्ट्रीटवरून तपासणीच्या रसायनाची छोटी बाटली आणली होती. मँगेनीज जास्त असेल तर थेंब लाल होतो. पहिल्या दुकानातली नळी लाल झाली. दुकानदार म्हणाला, “साहेब, लाल झालं तरी स्टीलच आहे ना?” दुसऱ्या दुकानातून घेतली.

ज्या गॅरेजच्या पिटवर काम करायचे आहे तेथले मिस्त्री गाडीखाली जाऊन आले आणि म्हणाले, “कॅटचं पोट रिकामं करून देतो. गाडी उडेल बघा.” कन्व्हर्टरच्या त्या पोटात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियमचा मुलामा असतो, आणि रिकामे करून देणारा ते पोट फुकट टाकून देत नाही, हे मी त्यांना बोललो नाही. फक्त म्हणालो, “ते तसंच राहू द्या.”

शनिवार, १२ एप्रिल २०२५

शुक्रवारी रात्री आणि आज पहाटे फ्लँजच्या, म्हणजे दोन नळ्या जोडणाऱ्या चकतीच्या, नटांवर गंज सोडवणारे तेल मारले होते. तरीही चार पावसाळे खाल्लेल्या तीन स्टडांपैकी एक तुटलाच. मिस्त्रींनी आधीच सांगितले होते, “हा राहणार नाही.” तुटलेल्या टोकावर नट वेल्ड करून, वेल्डची उष्णता उतरण्याआधी पाना लावून त्यांनी तो फिरवून काढला; ड्रिल लावावे लागले नाही. हे कौशल्य पुस्तकात लिहिलेले असते, पण पुस्तक वाचून हाताला येत नाही.

जुना संच एका तुकड्यात निघाला. त्याला चुंबक चिकटते. नवा मार्ग कन्व्हर्टरनंतरच्या फ्लँजपासून सुरू होतो: लवचीक तुकडा, रेझोनेटर (आवाज घटवणारा पहिला डबा), मागच्या ॲक्सलवरून जाणारे वळण, आडवा सायलेन्सर आणि मूळ जागी एकच तोंड. आधी सगळे ठिपक्या वेल्डने जोडून गाडीखाली टांगले, रबरी हँगर मूळच वापरले, मग उतरवून टिग वेल्ड केले आणि वेल्डिंगच्या वेळी नळीच्या आतून अर्गॉन सोडला. आतून अर्गॉन नसेल तर वेल्डची आतली बाजू साखरेसारखी खरबरीत होते आणि तेथूनच तडा जातो. संध्याकाळी सातला गाडी खाली उतरली.

मागचा दाब २४ वरून १३ किलोपास्कल झाला.

रविवार, १३ एप्रिल २०२५

पहाटे फ्रीवे. बाहेर २७ अंश, फेब्रुवारीपेक्षा पाच अंश जास्त. ४० ते ८०ची सहा फेऱ्यांची सरासरी ५.१ सेकंद. नुसत्या इनटेकवर, मार्चअखेरच्या फेऱ्यांत, ५.३ आली होती, म्हणजे चुकीच्या मर्यादेतच. एक्झॉस्टने मात्र स्पष्ट फरक दाखवला, आणि त्याचे कारणही सरळ आहे: टर्बोची चक्की तिच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातील फरकावर फिरते, मागचा दाब उतरला की ती लवकर वेग धरते. नोंदीत मॅनिफोल्डच्या दाबाचा १५० किलोपास्कलचा टप्पा आधीपेक्षा मिनिटाला सुमारे १५० फेऱ्या लवकर येतो.

दोन दोष मिळाले. वीस मिनिटांनंतर मागून टकटक सुरू झाली आणि घरी येऊन गाडी थंड झाल्यावर कुठेच काही टेकत नव्हते. ३०४ स्टील तापल्यावर मूळच्या स्टीलपेक्षा जवळपास दीडपट पसरते. सव्वादोन मीटरची नळी ३०० अंशांनी तापली की साडेअकरा मिलिमीटर लांबते. मी आडव्या बीमपासून दहा मिलिमीटर मोकळे ठेवले होते. हँगरची एक कडी पुढे सरकवून वीस केले.

दुसरा दोष सोपा नाही. सहाव्या गिअरमध्ये ताशी ८०ला, १,९०० फेऱ्यांवर, गाडी आतून घुमते. आई मागे बसली होती. चेंबूर येईपर्यंत ती काही बोलली नाही, मग म्हणाली, “पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतंय रे.”

शनिवार, २६ एप्रिल २०२५

दोन आठवडे आवाजाचा मीटर मला खोटे पाडत होता. केबिनमध्ये ए मापनपट्टीवर मूळ ६६ डेसिबल आणि आता ६७. आणि डोके मात्र दुखते. कारण नंतर ध्यानात आले. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दोन स्फोट होतात, म्हणून १,९०० फेऱ्यांना ६३ हर्ट्झ. ए पट्टी ६३ हर्ट्झच्या आवाजातून तब्बल २६ डेसिबल वजा करते. खालचे सूर जवळपास जसेच्या तसे मोजणारी सी पट्टी लावल्यावर मूळ ८४ आणि आता ९३ दिसले. आईचे बरोबर होते.

उपाय म्हणजे एक बाजूची बंद नळी, जिची लांबी त्या आवाजाच्या तरंगलांबीच्या पाव असते. आवाज नळीत जाऊन बंद टोकावरून परततो तेव्हा उलट्या पावलाने मुख्य प्रवाहात येतो आणि मूळ आवाजाला खोडतो. लांबी आतल्या वायूच्या तापमानावर ठरते, कारण गरम वायूत ध्वनी वेगाने जातो. खोलीच्या तापमानाने हिशेब केला तर १.३५ मीटर येते, मुख्य नळीच्या तापमानाने पावणेदोन मीटरच्या आसपास. बंद शाखेत प्रवाह नसल्याने ती थंड राहते. १५० अंश धरले तर १.६३.

५० मिलिमीटरची नळी दोनदा वळवून स्पेअर चाकाच्या बाजूने नेली आणि टोकाला सरकणारे बूच ठेवले. मग मी फ्रीवेवर जायचे, वाशी नाक्याला उतरून बूच एक इंच सरकवायचे आणि पुन्हा जायचे. सहा खेपा झाल्या. १.५८ मीटरला घुमणे पडले. उलट हिशेब केला तर शाखेतले तापमान सुमारे १२५ अंश निघते. बूच तेथेच वेल्ड केले. सी पट्टीवर ८६.

रविवार, ४ मे २०२५

उभ्या गाडीचा आवाज. नळीच्या तोंडापासून अर्धा मीटर, ४५ अंशांच्या कोनात, कमाल शक्तीच्या फेऱ्यांच्या तीन चतुर्थांशावर, म्हणजे ३,७५०ला. मूळ ७८ डेसिबल होता, आता ८३. स्वतःच घातलेली अट मोडली. कारखान्यातून निघणाऱ्या मोटारींसाठी असलेली ७४ डेसिबलची मर्यादा धावत्या गाडीची आणि साडेसात मीटर अंतरावरची आहे, त्यामुळे ती या आकड्याशी ताडता येत नाही; पण नाक्यावरचा हवालदार साडेसात मीटर मोजत बसणार नाही. आहे तो रेझोनेटर कापून दीडपट लांबीचा, काचतंतू भरलेला बसवला. ८१. अट जेमतेम पाळली गेली, आणि मागचा दाब १३चा १४ झाला.

पेट्रोल पंपावर पीयूसी केली. आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.०२ टक्के, मर्यादा ०.३, हायड्रोकार्बन २१, मर्यादा २००. कन्व्हर्टर जागेवर असल्याचा पुरावा फाइलला लावला.

सोमवार, २६ मे २०२५

मोसमी पाऊस आज मुंबईत दाखल झाला. नेहमीची तारीख ११ जून, म्हणजे सोळा दिवस आधी, आणि माझे खालचे तोंड अजून उघडेच.

सकाळी ऑफिसला निघालो तेव्हा वळवाचा पाऊस समजलो होतो. किंग्ज सर्कलला गांधी मार्केटजवळ पुढच्या टॅक्सीची निम्मी चाके पाण्यात दिसली तेव्हा छातीत धस्स झाले. हवेचे तोंड फॉग लॅम्पच्या मागे, जमिनीपासून ४८ सेंटिमीटरवर आहे. माझ्या इंजिनात एका सिलिंडरचे आकारमान ५०० घनसेंटिमीटर आणि संपीडन गुणोत्तर ९.५ आहे, म्हणजे पिस्टन वर असताना उरणारी जागा ५९ घनसेंटिमीटर. पाणी दाबले जात नाही. एका कटिंग चहाइतके पाणी एका सिलिंडरमध्ये गेले की कनेक्टिंग रॉड वाकतो. टर्बोची पाती आणि इंटरकूलर वाटेत असले तरी ते पाणी अडवत नाहीत.

डावीकडे घेतले, फुटपाथच्या चढावर गाडी अर्धी चढवली, इंजिन बंद केले आणि दीड तास बसून राहिलो. पाणी ओसरल्यावर चालू न करता आधी फिल्टर काढून पाहिला. खालचा तिसरा भाग ओला, आतला भाग कोरडा. नळीत हात घातला, थेंब नाही. चालू केले.

शनिवार, ३१ मे २०२५

खालचे तोंड कायमचे बंद केले, ‘पावसाळ्यापुरते’ नाही. हवा आता मूळ गाडीसारखीच ग्रिलच्या वरच्या कडेमागून येते. मूळ नळीचे तोंड नव्या पत्र्याला जोडण्यासाठी फायबरचा अडॅप्टर बनवून घेतला. पाणी १९ वरून २४ सेंटिमीटरवर गेले. पाच सेंटिमीटरसाठी इंजिन पणाला लावण्याइतका मी हौशी नाही.

रविवार, १५ जून २०२५

किलोमीटर ४५,८६०. फ्रीवे कोरडा मिळाला, २८ अंश, सरासरी ५.१ सेकंद, खालचे तोंड बंद केल्याने काही बिघडले नाही. ट्रिम अधिक २.३. इंधनाच्या खपात सांगण्यासारखा फरक नाही.

खर्च इनटेकचा १९,४०० रुपये आणि एक्झॉस्टचा ४३,७००, दोन्हीत लेथ, वेल्डिंग आणि वाया गेलेला माल धरून. पुन्हा करायचे झाले तर इनटेकला हात लावणार नाही. मूळ एअरबॉक्समध्ये दर दहा हजारांना कागदी फिल्टर बदलेन आणि वाचलेल्या पैशांत रेझोनेटर पहिल्याच दिवशी लांब घेईन. बसवलेले मात्र काढत नाही, कारण आता त्यात गळती नाही, उष्णता नाही, आणि टर्बोची बारीक शीळ कानाला आवडते हेही खरे.

मूळ एअरबॉक्स, नळी आणि सायलेन्सर माळ्यावर ठेवले आहेत. सेन्सरच्या बाजूची तोंडे प्लॅस्टिकने बांधून त्यावर तारखेची चिठ्ठी लावली आहे. उरलेले काम: फ्लँजचे तीन नट ४६,८०० किलोमीटरला पुन्हा कसणे, आणि दिवाळीआधी शाखेच्या बुचाचा वेल्ड गंजासाठी पाहणे.